निसर्ग वादळानंतर बाइकच्या बॅटरीवर काढलेले दिवस

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरून गेलं. गाव श्रीवर्धन तालुक्यातलं. संध्याकाळी वारा पडला तेव्हा वाडीत सुपारीची मोजकीच झाडं उभी होती, मागच्या पडवीची कौलं आगरात विखुरली होती आणि विजेचे खांब रस्त्यावर आडवे झाले होते. लाइट आज-उद्या येत नाही, हे सगळ्यांना न बोलता कळलं होतं.

लॉकडाउनमुळे मी मार्चमध्येच पुण्याहून घरी आलो होतो, येताना बाइक घेऊन. दोनशे सीसीची, उंच, मातीत आणि दगडधोंड्यांत चालवायची, कार्ब्युरेटरवाली. तिच्या हँडलला मी मोबाइलसाठी यूएसबी चार्जर लावलेला होता, थेट बॅटरीला जोडून. पहिल्या रात्री घरातले आणि शेजारचे मिळून चार फोन मी आळीपाळीने त्यावर लावले. सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक टक. बाबांनी आणि शेजारच्या दादाने मागून ढकललं, उताराला दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, तेव्हा ती सुरू झाली. पेट्रोल होतं, रस्ता मोकळा व्हायची वाट होती आणि गावात दवाखान्यापर्यंत जाऊ शकेल असं हे एकच वाहन माझ्या हातात होतं. तेच मी रात्रीत बसवून ठेवलं असतं.

त्या दिवशी मी वही घेऊन बसलो. बॅटरी १२ व्होल्ट, ६ अँपिअर-अवर, म्हणजे पूर्ण भरलेली असताना ७२ वॅट-अवर. साधा ४,००० एमएएचचा फोन पूर्ण भरायला चार्जरमधली गळती धरून १८-२० वॅट-अवर लागतात. चार फोन म्हणजे जवळजवळ सगळी बॅटरी! शिवाय सेल्फसाठी निम्मी तरी राखून ठेवायची, म्हणजे बंद बाइकवर दोनही फोन नीट भरत नाहीत. तेव्हा लक्षात आलं की वीज बनते ती इंजिन फिरताना आणि बॅटरी म्हणजे फक्त छोटी साठवण.

गावात मोटारी रिवाइंड करणारे एक काका आहेत. त्यांच्या मल्टिमीटरवर आम्ही मोजलं. इंजिन नुसतं गुरगुरत असताना व्होल्टेज १३ च्या आसपास, थोडी रेस दिली की १४.२. उभ्या गाडीवर पेट्रोल जाळून चार्जिंग करण्यात अर्थ नाही, हे त्यांनीच सांगितलं. पेट्रोल मिळण्याची खात्री नव्हती. म्हणून ठरवलं, जी फेरी कामासाठी मारावीच लागणार आहे, त्याच फेरीत वीज भरून आणायची.

पण भरायची कशात? बाबा म्हणाले, "फवारणीचा पंप आहे ना." पाठीवरचा बॅटरीवाला पंप. त्याच्या पोटात असते १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची बॅटरी, बाइकच्या बॅटरीहूनही मोठी. वादळाआधी पंप वापरात असल्यामुळे ती अर्धीअधिक उतरलेली होती. दोन्हीही बारा व्होल्टच्या, शिसं-आम्लाच्या. सरळ जोडता येतील असं मला वाटलं, पण काकांनी हात धरला. उतरलेली बॅटरी एकदम खूप करंट ओढते. त्यांनी मधे ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब जोडला. करंट जास्त ओढला गेला की बल्ब पेटतो आणि तोच वाट अडवतो. बल्ब मंद झाला की तो काढून थेट जोडायचं. बाइकच्या बाजूला १० अँपिअरचा फ्यूज मात्र कायम. एवढ्या साध्या वस्तूने एवढं महत्त्वाचं काम होतं, हे मी तोवर पाहिलंच नव्हतं.

रस्ता मोकळा झाल्यावर म्हसळ्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. मागच्या कॅरिअरवर गोणपाटात गुंडाळून उभी बांधलेली पंपाची बॅटरी, छातीशी प्लास्टिकच्या पिशवीत वाडीतले सात-आठ फोन, त्यातला एक हँडलवर चार्ज होत असलेला. गावात रेंज नव्हती. वाटेत चढावरच्या एका वळणाला यायची. तिथे थांबून प्रत्येक फोनवरून मुंबईच्या माणसांना एकच निरोप पाठवायचा, "सगळे बरे आहोत, घराचं नुकसान आहे, काळजी करू नका." एका आजोबांचा मुलगा चार दिवस वाट बघत होता. त्याने उलट फोन केला आणि माझा आवाज ऐकून रडायलाच लागला. त्या वळणावर मी प्रत्येक फेरीत थांबलो, पाऊस असला तरी.

जाऊन-येऊन तास-दीड तासात पंपाची बॅटरी दोन-अडीच अँपिअर-अवर भरायची. एवढ्यात उजेड किती मिळणार? इथे गणपतीच्या मखराची एलईडी पट्टी कामाला आली. ती बारा व्होल्टवरच चालते, अ‍ॅडाप्टर तोडला की थेट बॅटरीला. दर तीन दिव्यांनंतर कापायची खूण असते. अर्ध्या मीटरचा तुकडा साधारण अडीच वॅट घेतो. चार तुकडे केले: आमचं स्वयंपाकघर, माजघर, सामायिक विहिरीकडची पायरी आणि शेजारच्या काकूंची ओटी. सगळे मिळून दहा वॅट, संध्याकाळी सात ते दहा. बरोबर तेवढीच वीज दिवसा आलेली असायची. ज्या दिवशी फेरी नाही, त्या दिवशी फक्त काकूंचा तुकडा आणि विहिरीचा.

काकूंचा आधी, कारण त्या इन्सुलिन घेतात. रात्रीच्या जेवणाआधी सिरिंजवरच्या बारीक रेघा त्यांना मेणबत्तीत दिसत नव्हत्या. फ्रिज चालवणं या बॅटरीच्या आवाक्यातलं नव्हतंच. इन्सुलिन पिशवीत बांधून, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात ठेवलं होतं. कुणीतरी इन्व्हर्टर लावून मिक्सर आणि पाण्याची मोटर चालवू या म्हणालं. एक हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे ७४६ वॅट, तीही सुरू होताना कितीतरी जास्त. बाइकची अख्खी यंत्रणा त्यापुढे काहीच नाही. पाणी रहाटानेच ओढलं.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो. जोराचा पाऊस असताना एकदा मी बाइक पडवीत घेऊन, दार लोटून, इंजिन चालू ठेवलं होतं. बाबांनी ताबडतोब बंद करायला लावलं. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, माणूस कळायच्या आत जातो. इंजिन चालू ठेवायचं ते खळ्यात, घरापासून लांब, धूर बाहेरच्या दिशेला. याला अपवाद नाही.

लाइट आमच्याकडे जुलैच्या पहिल्या आठवड्यात आली. सगळ्या घरांतून एकदम आरडाओरडा झाला. काकू पट्टीचा तुकडा परत द्यायला आल्या. मी म्हटलं, "असू दे तुमच्याकडेच."

सीटखालून बाहेर काढलेली फ्यूजची वायर मी तशीच ठेवली आहे, टोकाला टेप लावून. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून जाणार असं कळलं, तेव्हा आदल्या रात्री पंपाची बॅटरी घरच्या चार्जरवर पूर्ण भरून ठेवली. वायरी जोडून बघत होतो तोच काकू कुंपणापाशी आल्या, हातात तो अर्ध्या मीटरचा तुकडा, कोरड्या फडक्यात गुंडाळलेला. म्हणाल्या, "लागतोय का बघ रे एकदा." लावला. लागला.