महाराजबागेत जाताय? नदी विसरा, पहाट गाठा

‘नदीकाठची ऐतिहासिक बाग’ असं कुणी सांगितलं म्हणून नागपूरच्या महाराजबागेत जाणार असाल तर आधीच सांगतो, यातलं ऐतिहासिक आणि बाग हे दोन्ही खरं आहे. नदीकाठाचं सोडून द्या. बसायला घाट नाही, काठाने चालायला वाट नाही. बागेला लागून वाहतो तो काळ्या पाण्याचा नाला. पुलावर पाच मिनिटं थांबलो. कठड्याच्या जाळीत निर्माल्याच्या पिशव्या अडकलेल्या, खाली थर्माकोलचे तुकडे एकाच जागी गरगरत होते. वासामुळे पुढे थांबवलं नाही. लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांतून निघून अंबाझरी तलावामार्गे येणारी नाग नदी या शहराला नाव देऊन गेली आणि शहराने तिला सांडपाणी दिलं. तिच्या शुद्धीकरणाचा १,९२७ कोटींचा प्रकल्प कागदावर मंजूर आहे. काठावर उभं राहून ते पटत नाही, संताप येतो.

आता ऑटोचं. रेल्वे स्टेशनपासून बाग फार तर अडीच किलोमीटर. स्टेशनाबाहेर मला दोनशे रुपये सांगितले. ‘साहेब, वन वे आहे, पूर्ण फिरून जावं लागते.’ घासाघीस करून दीडशेवर आलो. सीताबर्डीच्या गर्दीतून दोनदा त्याच चौकात आणून, ‘गेट इथंच आहे, समोर,’ म्हणत त्याने भलत्याच वळणावर उतरवलं. तिथून पाठीवर बॅग घेऊन चालत गेलो ते वेगळंच. फूटपाथ आहे, पण त्यावर दुचाक्या लागलेल्या, त्यामुळे माणसाने रस्त्यावर उतरायचं आणि मागून सिटी बस. पूर्ण प्रवासात जीव खरा घाबरला तो इथे. म्हणून ऑटोच्या नादी लागू नका. मेट्रोने सीताबर्डी इंटरचेंज किंवा झाशी राणी चौक गाठा आणि पायी या. दोन्हीकडून अंतर धडधाकट माणसाला काहीच नाही. ऑटो घ्यायचाच असेल तर ॲपवर भाडं बघून घ्या आणि ‘फिरून जावं लागते’ ऐकलं की सरळ उतरा.

आदल्या दिवशी दुपारी गेलो होतो तेव्हा चिडूनच परतलो. दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो आणि बाग कळली. भोसल्यांची ही बाग, इंग्रजांच्या काळात शेतीच्या प्रयोगांकडे गेली. १८९४ साली इथे प्राणिसंग्रहालय आलं, १९०६ साली शेजारी कृषी महाविद्यालय, आणि आज सगळं अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. हे फलकांवरून नीट कळत नाही, वाचून जा. पण बाग टिकली ती रोज पहाटे येणाऱ्या माणसांमुळे, असं माझं ठाम मत झालं. मोठ्या झाडांखाली हास्यक्लबवाले, त्यांच्या पलीकडे प्राणायाम, एका बाकावर पेन्शनीची फाइल उघडून बसलेले दोन काका. बोलता बोलता त्यातले एक म्हणाले, ‘घरी बीपी वाढते, इथं उतरते.’ २०१८ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने इथल्या प्राणिसंग्रहालयाची मान्यता काढली, तो विषय निघाला तर आजही ही मंडळी अर्धा तास सोडत नाहीत. घरातलं कुणी दवाखान्यात असल्यासारखं बोलतात. मला त्या गप्पांनी जे मिळालं ते पिंजऱ्यांपुढे मिळालं नाही.

पिंजऱ्यांबद्दल स्पष्टच सांगतो. जागा जुनी, जनावरांना तोकडी. मुलांना वाघ-अस्वल दाखवायचे असतील तर २०२१ मध्ये सुरू झालेलं गोरेवाडा प्राणिसंग्रहालय गाठा, तिथे मोकळं रान आहे. महाराजबाग झाडांसाठी आणि माणसांसाठी.

उन्हाळ्यात आठनंतर पाऊल टाकू नका, नागपूरचं ऊन हाडं भाजून काढतं. पावसाळ्यात जोराचा पाऊस सुरू असेल तर नाल्याकडची बाजू टाळा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि नाग नदी वस्त्यांत शिरली, तेव्हा पाणी किती झटकन चढतं ते शहराने पाहिलंय. पाण्याची बाटली सोबत ठेवा, सुटे पैसे ठेवा, आणि बाकावरच्या काकांना नमस्कार करून बसा. बागेची माहिती फलकांपेक्षा त्यांच्याकडे जास्त आहे.