कोपऱ्यातला नट

वादळ ओसरलं की माणूस आधी मोजदाद करतो. घरातली माणसं, मग छप्पर, मग दारं-खिडक्या, सगळ्यात शेवटी बाहेर उभी असलेली गाडी. सगळं जागच्या जागी आहे म्हटल्यावर जीव भांड्यात पडतो आणि लगेच एक अडचण उभी राहते. कुणाचे तरी आभार मानावेत असं फार दाटून येतं, पण मानायचे कुणाचे? श्रद्धाळू माणसाचं तसं बरं असतं, तो हात जोडून मोकळा होतो. पण 'देवानं वाचवलं' म्हणता म्हणता समोरच्या घरावर आडवं पडलेलं झाड दिसतं, आणि पुढे काय म्हणावं ते त्यालाही सुचत नाही. तिथली माणसं काय कमी भली होती?

नशिबाचे आभार मानण्यातही तीच पंचाईत आहे. म्हणून मी थोडा खाली उतरून शोध घेतला. म्हणजे छपरापर्यंत.

रात्रभर माझं लक्ष त्या पत्र्यांकडेच होतं. वाऱ्याचा आवाज आधी शिट्टीसारखा होता, मग तो जाडा होत गेला, आणि नंतर तर आवाज न म्हणता थरथर म्हणावी असं काहीतरी भिंतीतून येऊ लागलं. सर्वांत वाईट म्हणजे दोन झोतांमधली उसंत. पुढचा झोत याहून मोठा असेल का, एवढाच हिशेब डोक्यात चालू असायचा. हा हिशेब फार क्रूर आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरला नुसतं कुरकुरणारं छप्पर १२०ला चौपट ताण सोसत असतं.

वारा छप्पर दाबून मोडतो असा माझा समज होता. पण सपाट किंवा कमी उताराच्या छपरावरून जोरात जाणारा वारा त्याला वर ओढतो, आणि ही ओढ कडांना आणि कोपऱ्यांवर सगळ्यात जास्त असते. एक कोपरा सुटला की पुढचं काम वाऱ्याला सोपं जातं. ऐन वादळात एका हितचिंतकानं फोनवर सल्ला दिला होता, 'एखादी खिडकी उघडी ठेव, आतबाहेरचा दाब सारखा होतो.' हा सल्ला अनेक घरांतून पिढ्यानपिढ्या चालत आलाय आणि साफ चुकीचा आहे. वारा आत शिरला की छपराला खालूनही ढकलतो. वरून ओढ, खालून रेटा, मग कसलं छप्पर टिकतंय!

तर माझे आभार त्या माणसाला, ज्यानं त्या कोपऱ्यातला नट शेवटपर्यंत पिळला. तो कोण, कुठला, मला आठवत नाही. भर उन्हात वर बसून काम करत होता, आणि शेवटचा अर्धा फेरा आवळला नसता तरी कुणाला कळलं नसतं. त्यालाही हे कधी कळणार नाही.

असेच दुसरे धनी हवामान खात्यातले. १९९९च्या ऑक्टोबरात ओडिशावर आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे १० हजार माणसं गेली. २०१९च्या मे महिन्यात तिथेच 'फनी' आलं, तेही अतितीव्र. पण त्याआधी १० लाखांहून जास्त माणसं सुरक्षित जागी हलवली होती, आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. गेला एकेक जीव मोलाचाच, तरीही हा फरक नशिबाचा नाही. नकाशे बघणारे, गावोगाव भोंगे वाजवणारे, 'मी घर सोडणार नाही' म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना उचलून नेणारे, अशा पुष्कळांचा तो आहे. आणि यांच्या वाट्याला येतं काय? अंदाजाच्या नकाशावरचा तो पट्टा पुढे पुढे रुंद होत जातो, कारण वादळ त्यातून कुठूनही जाऊ शकतं. ते आपल्याकडे न येता पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं की आपण म्हणतो, 'उगाच घाबरवलं.' सुखरूप राहिल्याची तक्रार करणारा प्राणी दुसरा नसावा.

कृतज्ञता टिकतेही थोडकीच. पहाटे 'जीव वाचला, आणखी काय हवं' म्हणणारे आम्ही दुपारी 'अजून वीज कशी नाही' म्हणत होतो. त्याच वेळी वायरमन भिजलेल्या खांबावर चढून तुटलेल्या तारा ओढत होते. मला याची फारशी लाज वाटत नाही. रोज सकाळी छताकडे बघून गहिवरायचं म्हटलं तर माणसानं जगायचं कधी?

मात्र ऊन पडल्यावर शिडी लावून वर गेलो. तो नट अजूनही घट्ट आहे. शेजारच्या काही वायसर मात्र गंजल्यात, पुढच्या पावसाळ्याआधी बदलून घ्यायला हव्यात.