गढकालिका आणि दह्याची वाटी

मुंबईहून रात्रीची अवंतिका पकडली की सकाळी उज्जैन. महाकालाची रांग आणि भस्मारती यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, ते मी सोडून देते. हरसिद्धीच्या अंगणातल्या दोन उंच दीपमाळा पाहून मात्र क्षणभर जेजुरीलाच आल्यासारखं वाटलं. शिंद्यांचं उज्जैन असं मध्येच डोकं वर काढतं.

आईचा जीव गढकालिकेत अडकला होता. तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलेली बाई. "महाकाल सबका है, गढकालिका हमारे कालिदास की," असं ई-रिक्षावाल्याला सांगून झालं. त्यानं आदरानं मान डोलावली आणि भाडं मात्र जास्तच लावलं.

देऊळ गावाबाहेर, भर्तृहरीच्या गुहेच्या वाटेवर, जुन्या उज्जैनच्या टेकाडापाशी. शेंदूर चर्चिलेली देवी. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालणाऱ्या अडाण्यानं म्हणे हिचाच मंत्र जपला आणि तो महाकवी झाला. आमच्यापुढे एक मुलगा होता, दहावीतला असावा. त्यानं खिशातलं पेन पुजाऱ्यांकडे दिलं. पुजाऱ्यांनी ते देवीच्या पायाशी टेकवून परत केलं. टोपणाला शेंदूर लागला होता. पोरानं तो पुसायला पँटकडे हात नेला, आईकडे नजर गेली आणि पेन गुपचूप तसंच खिशात ठेवलं.

आईनं हात जोडून 'माणिक्यवीणामुपलालयन्तीं' सुरू केलं. श्यामलादंडकातला श्लोक. देवी प्रसन्न झाल्यावर कालिदासाच्या तोंडून पहिल्यांदा हेच बाहेर पडलं, असं मानतात. ते त्याचं असेल असं अभ्यासकांना वाटत नाही, हे आईलाही ठाऊक आहे. पण देवळात ती अभ्यासक नसते.

बाहेर पायरीवर बसून मी कुरबुर केलीच. "अगं, तो स्वतः कुठे म्हणतो मंत्राचं? मेघदूतात ढगाला उज्जैनला वाट वाकडी करून पाठवतो, महाकालाची संध्याकाळची पूजा दाखवतो. गढकालिकेचं नावही नाही."

"रघुवंश उघड," आई म्हणाली. "वागर्थाविव संपृक्तौ. शब्द आणि अर्थ कळावेत म्हणून कोणाला वंदन करतो? पार्वतीपरमेश्वरांना. आधी पार्वती. अजून काय पाहिजे तुला?"

मग ती आवडती गोष्ट. विद्या मिळवून घरी परतलेल्याला बायको विचारते, 'अस्ति कश्चिद् वाग्विशेषः?' बोलण्यात काही विशेष आलंय का? त्याचं उत्तर म्हणजे तीन काव्यं: 'अस्ति'नं कुमारसंभव, 'कश्चित्'नं मेघदूत, 'वाक्'नं रघुवंश सुरू होतं. गोष्ट मागाहून जुळवलेली आहे हे उघड दिसतं. पण जुळवणाराही कमी हुशार नव्हता. मला तर वाटतं, त्याच रघुवंशात पुढे 'मंदः कवियशःप्रार्थी', मी मंदबुद्धी, असं कालिदास विनयानं म्हणाला आणि लोकांनी ते शब्दशः धरलं.

मंत्राचं श्रेय स्वतःच्या तोंडानं देणारा कवी वेगळा: बाराव्या शतकातला, कनोजच्या दरबारातला श्रीहर्ष. नळ-दमयंतीच्या कथेवरच्या नैषधीयचरिताच्या पहिल्याच सर्गाच्या शेवटी तो हे काव्य चिंतामणिमंत्राच्या चिंतनाचं फळ म्हणतो. चौदाव्या सर्गात तर सरस्वती तोच मंत्र नळाला देते. आईबापांची नावं सर्गासर्गाला सांगणारा माणूस, मंत्र कशाला लपवेल!

राजशेखरसूरींच्या प्रबंधकोश या जैन चरित्रकथांच्या संग्रहात (१३४८) त्याची पुढची गंमत आहे. मंत्र इतका फळला की श्रीहर्षाचं बोलणं कोणालाच कळेना. तो पुन्हा देवीकडे गेला. देवी म्हणाली, मध्यरात्री डोकं ओलं कर, दही पी आणि झोप. कफ वाढेल, बुद्धी जरा जड होईल. त्यानं तसं केलं, तेव्हा कुठे लोकांना काव्य समजू लागलं. नैषध वाचताना घाम फुटतो, तो दही पिऊन झाल्यानंतरचा!

दुपारी दाल-बाफले. तुपात बुडवलेले बाफले, झणझणीत डाळ, सोबत दह्याच्या दोन वाट्या. आईनं आपली वाटी माझ्याकडे सरकवली.

"तू खा दोन्ही," ती म्हणाली. "तुला काही फरक पडायचा नाही."