सिद्धेश्वरांचं नाव नीट उमटेना: नंदीध्वजाच्या खेळासाठी लायब्ररी शोधताना

दिवाळीच्या सुट्टीत भाचा राहायला आला. तिसऱ्या दिवशी मोबाइलवरच्या गाड्या पळवून कंटाळला आणि म्हणाला, "मामा, आपल्या गड्ड्याचा गेम का नसतो ओ?" गड्डा म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलो तो एक्सेलच्या शीटा जोडून जोडून वैताग आला म्हणून. गेम कधी केलेला नव्हता. तरी बोलून बसलो, "करू की."

खेळ काय ते पाच मिनिटांत ठरलं. संक्रांतीच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, ६८ लिंगांची प्रदक्षिणा होते, आणि नंदीध्वजाची ती उंच काठी तोलत चालणारे मानकरी बघायला आम्ही लहानपणापासून रस्त्याच्या कडेला उभे राहत आलोय. डावा बाण, उजवा बाण, काठी तोलायची आणि एका लिंगापासून पुढच्या लिंगापर्यंत न्यायची. आईने स्वयंपाकघरातूनच अट घातली, "काठी पडलेली दाखवायची नाही." मग ठरलं की तोल गेला की पडद्यावर "सावरा!" येणार आणि खेळणारा आधीच्या लिंगापाशी परत.

हे सगळं कशात करायचं, यात मात्र तीन आठवडे गेले.

पुण्यात नोकरीला असलेला मित्र फोनवर म्हणाला, "काय बे, एखादं मोठं गेम इंजिन घे की सरळ." त्याला काय जातंय. माझा लॅपटॉप सेकंडहँड, दुसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री, ४ जीबी रॅम, विंडोज १०. शिवाय भाच्याला ओळी वाचून काहीतरी कळावं, त्याने स्वतः आकडे बदलून बघावेत, अशी माझी इच्छा. म्हणजे स्क्रिप्टिंग भाषा आणि तिच्यावर बसणारी हलकी लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोडचा संच.

पहिली उडी पायथन आर्केडवर. वाचायला देखणी, उदाहरणं भरपूर. चालवली तर खिडकी उघडायच्या आतच लाल अक्षरांत ओपनजीएलची, म्हणजे ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घेणाऱ्या व्यवस्थेची, तक्रार. आर्केड पिगलेट नावाच्या दुसऱ्या लायब्ररीवर उभी आहे आणि तिला ओपनजीएल ३.३ लागतं. माझ्या लॅपटॉपमधली इंटेल एचडी ३००० ही ग्राफिक्स चिप विंडोजवर ३.१ च्या पुढे जात नाही. त्याच चिपला लिनक्सवर ३.३ मिळतं, पण घरातला एकमेव लॅपटॉप, त्यात कारखान्याचे हिशेब. लिनक्स टाकायचं धाडस झालं नाही. आर्केड गेली आणि त्याच दणक्यात नवी पिगलेटही. पिक्सेल नावाची जुन्या व्हिडिओ गेमच्या धाटणीची लायब्ररी चालली, १६ रंगांत चित्रंही छान निघाली, पण तिची अंगभूत अक्षरं इंग्रजीच.

मग लव्ह. लुआ भाषेवरची ही लायब्ररी २००८ पासून आहे, आणि खरं सांगतो, मी तिच्या प्रेमातच पडलो होतो. तीन फंक्शन लिहायची: सुरुवातीला काय आणायचं, दर फ्रेमला काय बदलायचं, काय काढायचं. बस्स. काठी फिरवणं तर एका ओळीचं काम. चित्र काढतानाच कोन आणि बूड कुठे धरायचं ते सांगायचं, की काठी बुडाशी टेकून झुलते. लुआत यादी १ पासून मोजतात, ० पासून नाही. हिशेबाच्या माणसाला ते उलट बरं वाटलं.

चौथ्या दिवशी खेळाच्या पहिल्या पडद्यावर "श्री सिद्धेश्वर" लिहिलं. भाचा मागून बघत होता. "मामा, हे चुकलंय की ओ."

चुकलं म्हणजे कसं, तर स ची वेलांटी स च्या उजवीकडे जाऊन पडली होती, जणू ती पुढच्या द चीच. द्ध चा जोड सुटला होता. द, त्याच्या पायाशी हलन्त, मग ध. श्व चंही तेच. नाव वाचता येत नव्हतं असं नाही, पण पहिलीतल्या पोराने पाटीवर गिरवल्यासारखं दिसत होतं. मी फॉन्ट बदलला, परत बदलला, तिसरा आणला. दोन रात्री त्यात गेल्या, आणि दोष फॉन्टचा नव्हताच.

युनिकोडमध्ये "सि" साठवताना आधी स येतो, मग वेलांटी. काढताना वेलांटी आधी काढायची, द-हलन्त-ध मिळून एकच आकृती निवडायची, हे काम फॉन्टमधले नियम वाचून दुसऱ्याच कोणीतरी करायचं असतं. त्याला शेपिंग म्हणतात आणि त्यासाठी बहुतेक ठिकाणी हार्फबझ नावाची लायब्ररी असते. ती मध्ये नसेल तर एकामागून एक आकृत्या नुसत्या मांडल्या जातात. इंग्रजीचं त्याने काही बिघडत नाही, म्हणून लायब्ररींच्या तुलनेच्या तक्त्यांत वेग असतो, आवाज असतो, लायसन्स असतं, आणि हा रकाना नसतो. माझ्याकडे लव्हची ११ क्रमांकाची आवृत्ती होती, तिच्यात शेपिंग नव्हतं.

गंमत अशी की पायथनसोबत फुकट येणाऱ्या टर्टलने, जे आपण पोरांना चौकोन काढायला शिकवतो त्याने, माझ्या विंडोजवर "सिद्धेश्वर" पहिल्या फटक्यात बिनचूक लिहिलं. ते अक्षरांचं काम विंडोजवर सोपवतं. पण टर्टलमध्ये काठी झुलवायची म्हणजे बैलगाडीने हुतात्मा एक्सप्रेसशी शर्यत.

उरलं पायगेम, पायथनचीच गेमसाठीची लायब्ररी. हे मी सुरुवातीलाच बाजूला ठेवलं होतं, कारण काय तर जुनं आहे. २००० साली सुरू झालेलं, एसडीएल नावाच्या दुसऱ्या लायब्ररीवर बसवलेलं. जुन्याला नाकं मुरडण्यात माझे तीन आठवडे गेले म्हणायला हरकत नाही. पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजं आणून बसवणाऱ्या साधनाने, टाकायला गेलो तर तेही आडवं पडलं. मी पायथन नवंकोरं घेतलं होतं, त्यासाठी पायगेमचं तयार पॅकेज आलेलं नव्हतं, म्हणून पिप ते स्वतः बांधायला निघालं आणि त्यासाठी लागणारा सी भाषेचा कंपायलर सापडेना. तेव्हा कळलं की २०२३ मध्ये पायगेमची एक वेगळी फांदी निघाली आहे, पायगेम-सीई, म्हणजे कम्युनिटी एडिशन. प्रोग्रॅममध्ये दोन्हींचं नाव पायगेमच, म्हणून दोन्ही एकत्र टाकायची नाहीत. आधीचं काढायचं, मग हे. ते बिनबोभाट बसलं.

"श्री सिद्धेश्वर" लिहिलं. परत तेच मोडकं नाव! मी लॅपटॉप मिटून चहा प्यायला गेलो.

परत येऊन फॉन्टच्या पानावरची सगळी फंक्शनं एकेक करून वाचली. त्यात सेट-स्क्रिप्ट नावाचं एक होतं. लिपीचा चार अक्षरी कोड द्यायचा, आणि उदाहरण म्हणून तिथे दिलेला कोड देवनागरीचाच! एक ओळ घातली, मुक्ता फॉन्टची फाइल शेजारी ठेवली, आणि वेलांटी जागेवर, द्ध जुळलेला, श्व जुळलेला. मग "हर्र" लिहून बघितलं, त्यातला रफार डोक्यावर चढला. भाच्याला हाक मारली. तो म्हणाला, "बरोबर आहे," आणि परत मोबाइलकडे वळला.

आता लव्हमध्ये जे एका ओळीत झालं होतं त्याची किंमत मोजायची होती. पायगेम चित्र फिरवतं ते मधोमध धरून, आणि फिरवलेलं चित्र मावावं म्हणून चौकट मोठी करतं. माझी काठी बुडाशी टेकायच्या ऐवजी पंख्याच्या पात्यासारखी फिरायला लागली. त्यातून मी दर फ्रेमला आधीच फिरवलेलं चित्र परत फिरवत होतो. काही सेकंदांत काठीचा धुरळा झाला आणि खेळ अडकला. मूळ चित्र जपून ठेवायचं आणि दर वेळी त्याच्यावरूनच फिरवायचं, हे त्यातून शिकलो. बुडाचं कोडं असं सुटलं: बुडापासून चित्राच्या मध्यापर्यंतचा बाण धरायचा, तो तेवढ्याच कोनात फिरवायचा, आणि त्याच्या टोकाला नव्या चित्राचा मध्य ठेवायचा. फक्त कोनाचं चिन्ह उलटं, कारण पडद्यावर वाय अक्ष वरून खाली वाढतो. त्या एका उण्याच्या चिन्हापायी काठी डावीकडे झुकली की बूड उजवीकडे पळायचं. आमच्या हिशेबातही घोटाळे चिन्हाचेच असतात म्हणा.

तोलाचं गणित त्यामानाने सरळ. काठी जेवढी कललेली, तेवढी ती आणखी जोराने कलते. कोनाच्या साइनला एका आकड्याने गुणायचं, झालं. त्या आकड्यात काठीची लांबी येते. लांब काठी सावकाश कलते, आखूड पटकन. हातावर झाडू तोलता येतो, पेन्सिल येत नाही, ते याचमुळे. भाच्याने तो आकडा बदलून बदलून पेन्सिलीएवढी काठी करून ठेवली आणि दोन तास "सावरा! सावरा!" करत बसला.

यात्रेच्या आधी पायइन्स्टॉलरने एक्झी फाइल बनवून मित्राला पाठवली. त्याच्या अँटिव्हायरसने ती व्हायरस समजून उडवली, मग झिप करून सगळा प्रोग्रॅमच पाठवला. त्याचा निरोप आला, "काठी चांगली आहे बे, पण लिंगं अकराच का?"

६८ पैकी अकराचीच चित्रं झालीत. उरलेल्या ५७ जागी भाचा आणि मी मोबाइल घेऊन फोटो काढत फिरतोय, दर रविवारी तीन-चार.