सात माणसांचा कारखाना

आज उद्यमनगरातल्या आम्ही सहा-सात जणांनी आमदारसाहेबांची भेट घेतली. माझं वर्कशॉप सात माणसांचं. तीन लेथ, एक ड्रिलिंग. ईएसआय म्हणजे कामगार आणि त्याच्या कुटुंबाच्या उपचारांची सरकारी विमा योजना. तिची सक्ती दहा कामगारांपासून पुढे, म्हणून माझी माणसं इतकी वर्षं बाहेरच राहिली.

गेल्या पावसाळ्यात आमच्या अण्णांच्या बायकोचं ऑपरेशन झालं. "मालक, उचल मिळंल का?" एवढंच ते म्हणाले. मी दिली. ती ते अजून फेडताहेत आणि दर पगाराला ते पैसे कापताना माझा हात थांबतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांनाही स्वेच्छेने ईएसआयमध्ये येता येतं. मालक आणि बहुसंख्य कामगार राजी हवेत, बस. पण आज बसलेल्यांपैकी दोघांनाच हे माहीत होतं! मालकाचा वाटा 3.25 टक्के, कामगाराचा 0.75. पंधरा हजार पगारावर मला एका माणसामागे महिन्याला पाचशेच्या आत पडतं. हे आम्हाला झेपतं.

अडचण पुढे आहे. ईएसआयमध्ये येण्यासाठी महिन्याच्या पगाराची कमाल मर्यादा 2017 पासून 21,000 वरच. चांगला टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा, तेवढ्यात मिळत नाही, म्हणजे सर्वांत अनुभवी माणूसच बाहेर.

आम्ही दोनच गोष्टी मागितल्या: ही मर्यादा वाढावी म्हणून राज्याने केंद्राकडे जोर लावावा, आणि नोंदणीसाठी उद्यमनगरातच शिबिर घ्यावं. साहेबांनी निवेदन पूर्ण वाचलं, दोन प्रश्नही विचारले. सोमवारी मी अर्जाची चौकशी करायला जातोय, अण्णांना सोबत घेऊन.