कणीक मळणारी काउगर्ल

रविवार, रात्री साडेदहा

आज लिहिण्यासारखं काहीच घडलं नाही. दोन मशीन कपडे, वरण-भाताचा एक कुकर आणि दुपारी मोबाईलवर अमेरिकेतल्या रँचवरच्या, म्हणजे गुरं-घोडे पाळायच्या मोठ्या कुरणांवरच्या, बायकांची चित्रं बघत लोळणं. आधी सगळ्या कॅलेंडरातल्या काउगर्ल निघाल्या. लाल ओठ, झालरीचं जाकीट, तिरकी टोपी, घोडासुद्धा इस्त्री केल्यासारखा. एकीच्याही बुटाला शेण नाही. आठ-दहा बघितल्यावर वैताग आला.

मग एव्हलिन कॅमेरॉन सापडली. जन्म 1868 चा, इंग्लंडमधल्या खात्यापित्या घरातला. नवऱ्याबरोबर अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात आली. पोलोचे घोडे वाढवून विलायतेत विकायचे, असा बेत होता. तो पार फसला. मग 1894 मध्ये बाई फोटो काढायला शिकली. फोटो ज्यांवर उमटायचा त्या काचेच्या प्लेटा आणि जड कॅमेरा घेऊन घोड्यावरून रँच-रँच फिरायची, फोटो विकायची. घरात पैसा हवा होता, नुसती हौस नव्हती.

तिच्या फोटोतल्या बायका कामात असतात. बकली नावाच्या तिघी बहिणी गुरांवर फास टाकण्यात पटाईत होत्या. त्यांचे फोटो बघताना पोज वगैरे शब्द आठवतच नाहीत. एका फोटोत एव्हलिन स्वतःच जिम नावाच्या घोड्याच्या पाठीवर ताठ उभी आहे. साल 1912, म्हणजे वय चव्वेचाळिशीच्या आसपास! मला स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढायचा म्हटलं तरी कुणाला तरी स्टूल धरायला बोलवावं लागतं.

पण मी अडकले ती 1904 च्या फोटोवर. स्वयंपाकघर, समोर मोठं भांडं, आणि पावाची कणीक मळता मळता ती सरळ आपल्याकडे बघतेय. मी फोटो मोठा करून फक्त हात बघत बसले. माझीही कणीक मळून झाकून ठेवलेली होती, बोटांच्या पेरांवर पीठ वाळलेलं.

1895 मध्ये ती मधोमध दुभागलेला घागरा घालून 48 मैल घोडा दामटत माइल्स सिटीला गेली. दोन्हीकडे पाय टाकून बसलेली बाई! गावात असंच फिरलात तर अटक होईल, अशी तंबी मिळाली. काष्टा नेसून दिवसभर रानात राबलेली आजी पाहिलेल्या मला यात अटक करण्यासारखं काय होतं, ते कळेना.

आणि ती रोजनिशी लिहायची. 35 वर्षं. किती वाजता उठले, दूध काढलं, काय शिजवलं, फोटोच्या किती प्लेटा धुतल्या. 1928 मध्ये ती गेली. त्या वह्या नि फोटो टेरी गावातल्या मैत्रिणीच्या तळघरात पडून होते, ते थेट 1970 च्या दशकाच्या अखेरीस बाहेर आले.

तर मीही लिहून ठेवते. सात वाजता उठले. कपडे दोन मशीन. कणीक जरा सैल झाली, पोळ्या चिकटल्या. दळण संपत आलंय, उद्या डबा गिरणीत टाकायचा.