मुरोतोच्या वाटेवरची एकादशी

मुलगा ओसाकाला असल्यामुळे क्योतो आणि नारा आधीच पाहून झाले होते. किन्काकुजीचे पाण्यातील सोनेरी प्रतिबिंब, तोदाइजीतील सुमारे १५ मीटर उंचीची बुद्धमूर्ती, इ.स. ८२३ मध्ये बौद्ध आचार्य कूकाईंच्या हाती सोपवलेले तोजी मंदिर, हे सारे गर्दीबरोबर पुढे सरकत पाहिले. आळंदी ते पंढरपूर ही वाट अकरा वर्षे तुडवलेल्या पायांना तेवढ्याने समाधान वाटेना. कूकाई, म्हणजेच कोबो दाइशी, यांच्या नावाने शिकोकू बेटावर ८८ मंदिरांची प्रदक्षिणा चालते. ती सुमारे १,२०० किलोमीटरची आहे. एवढी सवड नव्हती, म्हणून पहिल्या र्योझेन्जीपासून मुरोतो भूशिरावरील चोविसाव्या मंदिरापर्यंतच जायचे ठरवले. तुकड्यातुकड्यांनी चालणाऱ्याला तेथे कोणी कमी लेखत नाही.

पांढरा अंगरखा, गवती टोपी आणि हातात काठी. काठी म्हणजे साक्षात दाइशी, म्हणून मुक्कामाला पोहोचल्यावर आपल्या पायांआधी तिचे टोक धुवायचे आणि पुलावरून जाताना ती टेकवायची नाही, कारण खाली दाइशी झोपलेले असतील. तिच्या माथ्यावर सिद्धम या जुन्या भारतीय लिपीत ख, ह, र, व, अ अशी पंचमहाभूतांची बीजाक्षरे कोरलेली असतात. हे सारे मला पहिल्याच दिवशी मनापासून आवडले. खटकली ती शांतता. टाळ नाही, पखवाज नाही, पुढे वीणेकरी नाही, मागून कोणी 'चला माउली' म्हणत नाही. मैलोन्मैल डांबरी रस्ता आणि अंगावरून जाणारे ट्रक. मंदिराच्या कचेरीत वहीवर दर्शनाचा शिक्का घ्यायला जावे, तर आपल्यापुढे बसने आलेल्या मंडळींचा मार्गदर्शक वह्यांचा ढीग घेऊन उभा; पाच वाजता खिडकी बंद होणार, या धास्तीने त्या माणसाच्या पाठीकडे मी ज्या नजरेने पाहत असे, ती माळ घातलेल्या माणसाला शोभणारी नव्हती.

बाराव्या शोसान्जीची चढण दिवे घाटाला लाजवते, एवढेच सांगतो. सहाव्या की सातव्या मंदिरात, नक्की आठवत नाही, एक वृद्ध जोडपे बौद्धांचे हृदयसूत्र म्हणत होते: 'ग्यातेइ ग्यातेइ हारा ग्यातेइ, हारा सो ग्यातेइ, बोजी सोवाका'. मी कंटाळून बुटाची नाडी बांधत होतो आणि एकाएकी ते शब्द कानात उलगडले: गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा. नाडी तशीच राहिली.

तेविसाव्या याकुओजीनंतर पुढचे मंदिर सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. मध्ये मंदिर नसल्यामुळे शिक्का नाही आणि मोजायलाही काही नाही. डावीकडे समुद्र, उजवीकडे डोंगर आणि रस्त्याकडेला त्सुनामीच्या इशाऱ्यांचे फलक. मुगी गाव मागे टाकले त्या दिवशी कार्तिकी एकादशी होती. सकाळी दुकानातून भाजलेले रताळे घेतले होते, त्यामुळे उपासाची चिंता नव्हती. दुपारी मात्र उजव्या टाचेवरचा फोड असा ठणकू लागला की मी एका घराच्या ओट्यावर, न विचारता, बसलो.

दार सरकवून एक आजी बाहेर आल्या. 'ओ-हेन्रो-सान', म्हणजे यात्रेकरू, एवढेच मला कळले. माझ्या मोज्याकडे पाहून त्या आत गेल्या आणि शिवणाचा डबा घेऊन आल्या. काडी पेटवून सुई तापवली, फोडातून दोरा ओवला आणि त्याची दोन्ही टोके बाहेर सोडून दिली. आमच्या दिंडीत बार्शीच्या मावशी हेच करतात, इतके हेच, की मी मराठीतच 'हळू' म्हणालो आणि त्यांनी हात हलका केला. मग त्यांनी ताटलीत दोन संत्री आणि एक ओनिगिरी ठेवली.

ओनिगिरी म्हणजे भात. एकादशीला भात. ओसेत्ताइ, म्हणजे यात्रेकरूला वाटेत दिलेले दान, नाकारायचे नसते, कारण ते आपल्याबरोबर चालणाऱ्या दाइशींना दिलेले असते. हा नियम मला ठाऊक होता आणि त्या क्षणी त्याचा रागही आला. संत्री सावकाश सोलून मी वेळ काढला. आजी समोरच बसून होत्या. शेवटी समुद्र पूर्वेला आहे, म्हणजे पंढरपूर या डोंगरापलीकडे, असा हिशेब करून मी तिकडे पाहिले आणि भात खाल्ला. आतली उमेबोशी, म्हणजे खारवलेले उमे फळ, खारट-आंबट होती आणि भात अतिशय चांगला होता, हेही लिहिले पाहिजे.

रिवाजाप्रमाणे माझ्या नावाची पांढरी चिठ्ठी त्यांना दिली. आभाराचे जपानी शब्द अपुरे वाटले, म्हणून वाकून पायांना हात लावला. त्या दचकल्या आणि लगेच गुडघे टेकून त्यांनी माझ्यापुढे कपाळ जमिनीला लावले. पुढे कोणी आधी उठायचे हे दोघांनाही उमगेना.

पुढे मुरोतोला पोहोचलो. जिथून फक्त आकाश ('कू') आणि समुद्र ('काई') दिसतो म्हणून 'कूकाई' हे नाव पडले असे सांगतात, ती गुहाही पाहिली.

पण त्या एकादशीला संध्याकाळी मुक्कामावरून घरी फोन लावला, तेव्हा पंढरपुरात दुपारचे साडेतीन वाजले होते आणि बायको दर्शनबारीत उभी होती. फोनमधून टाळांचा आवाज येत होता. बराच वेळ मी तोच ऐकत राहिलो.

"अहो, उपास नीट झाला ना?" तिने विचारले.

"पाय आता बरे आहेत," मी म्हणालो.